तारण : पूर्वेचे, पश्चिमेचे आणि घरातले



पत्रिकेवरचा विषय वाचून तुमच्यापैकी पुष्कळजण चक्रावले असतील. ख्रिस्ती धर्मातल्या ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट पंथांचा मोक्षविचार, तो मराठी मंडळींसमोर, आणि तोही इंदूरच्या सुदामा नगरात! ज्ञानेश्वरी, दासबोध सोडून हे काय मध्येच, असे कुणी विचारले तर ते रास्तच आहे. पण मला इथे धर्मशास्त्राचा वर्ग घ्यायचा नाही. घरात आपण मुलाला, सुनेला, थकलेल्या वडिलांना जो सल्ला देतो, त्याच्या पोटात मोक्षाची एक कल्पना दडलेली असते. ती कोणती, याचा आपण सहसा विचार करत नाही. तो करायला हा परका वाद उपयोगी पडतो. त्यात आपला जीव गुंतलेला नसल्यामुळे दोन्ही बाजू निवांतपणे ऐकता येतात.

शब्दापासून सुरुवात करू. मराठी बायबलात मोक्षाला ‘तारण’ म्हटले आहे. तुम्ही-आम्ही हा शब्द बँकेत वापरतो : घर तारण ठेवले, दागिने तारण ठेवले. बुडत्याला वर काढणे आणि कर्जापोटी वस्तू अडकवून ठेवणे, दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. ‘उद्धार’ या शब्दाची तर आपण मजाच केली आहे. संत जगाचा उद्धार करतात, आणि ‘आज सकाळीच सासूबाईंनी माझ्या माहेरचा उद्धार केला’ हेही आपण म्हणतो. ही थट्टा सोडून देण्याजोगी नाही. मोक्षाचे शब्द आपल्याकडे देवघरातून स्वयंपाकघरात सहज येतात. तिथे त्यांचे काय होते, हाच आजचा विषय.

आता वाद काय आहे ते थोडक्यात. सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन ल्यूथर उभा राहिला. त्याचे म्हणणे असे : माणूस आपल्या पुण्याईने देवापुढे कधीच निर्दोष ठरू शकत नाही. उपास, यात्रा, दानधर्म यांची कितीही रास घाला, हिशेब पुरा होत नाही. देवच कृपेने त्याला नीतिमान ठरवतो. माणसाने फक्त विश्वास ठेवायचा. चांगली कृत्ये त्या विश्वासातून फळासारखी येतात, पण ती तारणाची किंमत नव्हेत. ही भाषा न्यायालयाची आहे. आरोपी दोषी आहे, न्यायाधीश त्याला सोडतो, कारण दंड दुसऱ्याने भरला आहे. निकाल लागला की लागला.

पूर्वेकडच्या चर्चची, म्हणजे ग्रीस, रशिया, सीरिया, इजिप्त आणि आपल्या केरळातल्या ऑर्थोडॉक्स मंडळींची भाषा वेगळी आहे. ती दवाखान्याची आहे. या चर्चची दोन कुळे आहेत आणि ख्रिस्ताच्या स्वरूपाच्या प्रश्नावरून ती पाचव्या शतकातच वेगळी झाली, पण या विषयात त्यांचे सूर जुळतात. त्यांच्या मते पाप हा आधी आजार आहे, गुन्हा नंतर. माणूस मर्त्य झाला, दुबळा झाला, त्याची नजर बिघडली. देव वैद्य आहे. चौथ्या शतकातला मोठा वक्ता योहान ख्रिसोस्तोम आपल्या श्रोत्यांना सांगे की चर्चमध्ये या, इथे तुमची चौकशी होत नाही, औषध मिळते. हे औषध मात्र जन्मभर घ्यावे लागते. उपास, प्रार्थना, पश्चात्ताप, प्रभुभोजन हे त्याचे पथ्यपाणी. शेवटी माणूस देवासारखा होतो. आपल्या चार मुक्तींपैकी सरूपता हिच्या जवळची, सायुज्यता मात्र नव्हे. लोखंड भट्टीत तापून लाल होते, प्रकाश देते, चटका देते, तरी लोखंडच राहते, असा दृष्टान्त तिथले आचार्य देतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘प्रोटेस्टंट म्हणजे कृपा, ऑर्थोडॉक्स म्हणजे कर्म’ अशी वाटणी करू नका. ऑर्थोडॉक्सही कृपेशिवाय काही होत नाही असेच म्हणतात. पण कृपेला माणसाचा हात लागावा लागतो, दोघांनी मिळून ते काम करायचे असते, हा त्यांचा आग्रह. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत असाच वाद झाला. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजराच्या पिल्लाला आई मानगुटीला धरून नेते. भक्त कोणासारखा? रुडॉल्फ ओटो या जर्मन अभ्यासकाने हा दृष्टान्त ल्यूथरच्या विचाराशेजारी ठेवून पाहिला आहे. ल्यूथर मांजराच्या पक्षाचा. ऑर्थोडॉक्स माणूस म्हणेल, आईच उचलते, पण पिल्लाने हात सोडू नयेत.

तुम्ही ज्या वसाहतीत राहता तिचे नाव पाहा. सुदाम्याची कथा भागवताच्या दहाव्या स्कंधात आहे आणि ती सुरू होते घरच्या सल्ल्याने. बायको म्हणते, अहो, तुमचा मित्र द्वारकेचा राजा, जाऊन तरी या. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून ती शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यात बांधून देते. इंदूरकरांना पोह्यांची थोरवी मी काय सांगावी! पण सुदाम्याला ते पोहे द्यायची लाज वाटते. कृष्ण पुरचुंडी स्वतः ओढून घेतो, एक मूठ खातो, दुसरीला रुक्मिणी हात धरते. सुदामा काही मागत नाही, काही न घेता परततो, आणि घरी येऊन पाहतो तो झोपडीच्या जागी वैभव.

आता ल्यूथरला विचारा. तो म्हणेल, बघा, मूठभर पोह्यांच्या बदल्यात कुठे राजवाडा मिळतो का? पोह्यांचा काही संबंध नाही. सगळे फुकट, आणि सुदाम्याला कळायच्या आधीच देऊन झालेले. ख्रिसोस्तोम म्हणेल, मान्य, पण ज्याला कशाची गरज नाही तो देव पोह्यांची पुरचुंडी हिसकावून का घेतो? त्याला सुदाम्याच्या हातचे काहीतरी हवेच होते. मला विचाराल तर या कथेत सगळ्यात दुर्लक्षित राहिली ती बायको. नवऱ्याला ढकलून पाठवणारी आणि उसने पोहे बांधून देणारी. तिचा सल्ला कृपेत मोडतो की कर्मात, हे ठरवणे दोन्ही पंथांना जड जाईल.

हा वाद या दोन चर्चमध्ये समोरासमोर फार कमी वेळा झाला. एकदा झाला तो पत्रांतून. १५७० च्या दशकात ट्युबिंगेनच्या ल्यूथरपंथी विद्वानांनी आपल्या ऑग्सबर्गच्या कबुलीजबाबाचे ग्रीक भाषांतर कॉन्स्टँटिनोपलचे धर्माध्यक्ष दुसरे येरेमियास यांच्याकडे पाठवले. पोपशी आमचे बिनसले आहे, तुमचेही बिनसले आहे, तर आपले जमेल अशी आशा. येरेमियासांनी १५७६, १५७९ आणि १५८१ साली सविस्तर उत्तरे दिली. पहिल्या उत्तरात काही मुद्द्यांचे कौतुकही आहे. पण केवळ विश्वासाने तारण, ही गोष्ट त्यांना पटली नाही. कृतीवाचून विश्वास कसला, असा त्यांचा सवाल. तिसऱ्या पत्रात ते थकले. तुम्ही तुमच्या वाटेने जा, आणि यापुढे लिहाल तर धर्मवादाचे लिहू नका, स्नेहाचे लिहा, अशा आशयाचा निरोप त्यांनी धाडला. घरातल्या मोठ्या माणसांना हा निरोप ओळखीचा वाटेल. लग्न झालेल्या मुलाशी तीन वेळा वाद घातल्यावर बापाचे पत्र असेच येते.

आता घरात येऊ. ल्यूथरच्या लहानपणी एकदा त्याने एक बी, बहुधा अक्रोडासारखे काही, उचलले म्हणून आईने त्याला रक्त येईतो मारले. ही आठवण त्याने मोठेपणी जेवणाच्या टेबलावर सांगितली आहे. अशा धाकामुळेच आपण मठात पळालो, असे तो म्हणे. पुढे स्वतःला मुले झाल्यावर त्याचे मत असे की छडीशेजारी सफरचंद ठेवलेले असावे. १५२९ साली त्याने लहान प्रश्नोत्तरावली लिहिली, ती पाद्र्यांपुरती नव्हती. घरच्या कर्त्याने मुलांना आणि नोकरांना सोप्या रीतीने काय शिकवावे, हे त्यात आहे. ज्याने मोक्षातून हिशेब काढला त्याने बालपणी घरात हिशेबच पाहिला होता. त्याच्या सिद्धान्ताचे मूळ मला विद्यापीठापेक्षा त्या घरात अधिक दिसते.

ख्रिसोस्तोमनेही आईबापांसाठी एक निबंध लिहिला आहे. मुलाचे मन म्हणजे नुकतेच वसवलेले नगर. डोळे, कान, जीभ, नाक आणि स्पर्श या त्याच्या वेशी. त्या वेशींवर पहारा बसवायचा. रात्री जेवताना गोष्ट सांगायची, काही दिवसांनी तीच परत सांगायची, मग मुलाकडून वदवून घ्यायची. उठसूट मारू नये, धाक असावा पण हात कमी उचलावा, नाहीतर मूल माराला भीत नाहीसे होते, हेही त्यात आहे. आपल्याकडच्या कुठल्याही शहाण्या आजीने हा सल्ला दिला असता. त्यात ‘तू दोषी’ हे वाक्य कुठे येत नाही. रोज थोडे, पुन्हा थोडे, जन्मभर, अशी ती रीत आहे.

मंडळी, आता परीक्षेच्या निकालाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. इंदूरमध्ये हे वेगळे सांगायला नको, भंवरकुआँच्या क्लासांत दूरदूरची मुले येऊन राहतात. मुलगा दोन वर्षे राबला आणि नंबर लागला नाही. तो दारात उभा आहे. पहिल्या मिनिटात आई किंवा बाबा काय बोलतात? ‘एवढा पैसा ओतला, त्याचे हे?’ हे तारण बँकेतले आहे. घर अडकवले होते, हप्ता चुकला. ‘पुढच्या वर्षी जास्त मेहनत कर, होईल’ हे वाक्य चांगले आहे, पण त्या क्षणी मुलाला त्यातून एवढेच ऐकू येते की अजून मी पुरेसा झालेलो नाही. पहिल्या मिनिटाला ल्यूथरच लागतो : तू आमचा आहेस, जेवायला चल. कोणतीही अट न घालता, ‘पण’ न लावता.

मला याच्यापुढचे म्हणायचे आहे ते थोडे अप्रिय आहे. ल्यूथरचे हे वाक्य एका मिनिटाचे आहे. आपल्या पिढीतल्या काही आईबापांनी ते वीस वर्षे पुरवले. तू आहेस तसा छान आहेस, तुला काही बदलायची गरज नाही, असे ऐकत वाढलेला तिशीतला मुलगा आईच्या हातचा चहा घेतो आणि कप तिथेच ठेवतो. ल्यूथरपंथातही हे दुखणे ओळखले गेले. १९३७ साली डिट्रिख बोनहोफर या जर्मन पाद्र्याने स्वस्त कृपेवर कडक टीका केली, ती आपल्याच लोकांवर होती. तीस वर्षांच्या मोठ्या पल्ल्याला पूर्वेचा वैद्य बरा. पथ्य चुकले म्हणून रोग्याला घराबाहेर काढत नाही, आणि रोग आहे हेही लपवत नाही.

हे सगळे मराठी माणसांच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडलेले पाहायचे असेल तर पंडिता रमाबाईंची पत्रे वाचा. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला. मनोरमा तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची. वाँटेजचा मठ अँग्लिकन चर्चच्या परंपरानिष्ठ शाखेचा होता. तो ऑर्थोडॉक्स नव्हे, पण संस्कार, परंपरा, चर्चचा अधिकार यांवरचा त्याचा भर पूर्वेकडच्या चर्चशी नाते सांगणारा. तिथल्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई आणि मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. हे संबोधन लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद आजीबाई आणि तिच्या करारी लेकीतला आहे.

वादाचे विषय काय? त्रैक्य, चर्चचा अधिकार, येशूचे ईश्वरत्व हे तर होतेच. पण त्यांच्या बरोबरीने अंडे घातलेले पुडिंग होते. रमाबाई ख्रिस्ती झाल्या तरी शाकाहारी राहिल्या. आजीबाईंना त्यात जातीचा जुना अभिमान दिसला. तो सोडल्याशिवाय मन नम्र होणार नाही आणि नम्र झाल्याशिवाय तारण नीट रुजणार नाही, असा त्यांचा रोख. रमाबाईंनी ठसक्यात उत्तर दिले की माझा अभिमान तुम्हाला पाय आणि पुडिंगांत, भात आणि पाण्यात शोधायचा तर खुशाल शोधा, मला त्याची लाज वाटत नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न. आणि मनोरमा! रमाबाई चेल्टनहॅमला शिकत-शिकवत असताना मुलगी मठात होती. तिला काय शिकवायचे, काय नाही, हे आईने ठरवायचे की आजीने? पुरोहितांचे एक जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्या बजावतात. या झटापटीत चेल्टनहॅम कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची पत्रे मला सर्वांत शहाणपणाची वाटतात. त्यांनी रमाबाईंच्या शंका ऐकून घेतल्या, त्यांना उत्तरे दिली आणि घाई केली नाही.

हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीननेच जपून ठेवला, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली तो इंग्रजीत प्रसिद्ध केला. जिच्याशी भांडण झाले तिचे प्रत्येक पत्र जपणारी आजी! तिच्या शिस्तीवर मी टीका करतो, पण ही गोष्ट विसरत नाही.

रमाबाईंचा पुढचा प्रवास पाहिला तर कोडे वाढते. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हॅस्लम नावाच्या एका इंग्लिश पाद्र्याचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले होते. पाद्री असूनही आपले तारण झालेले नाही हे त्याला उशिरा कळले होते. तिथून रमाबाई पूर्णपणे ल्यूथरच्या बाजूला गेल्या : तारण मिळवायचे नसते, स्वीकारायचे असते. आणि याच बाईंनी केडगावला काय उभारले? दुष्काळातल्या, टाकलेल्या, विधवा झालेल्या शेकडो मुलींसाठी शेती, विणकाम, छापखाना, शाळा, ठरलेल्या घंटांची दिनचर्या. नाव ‘मुक्ति’. सिद्धान्त क्षणात होणाऱ्या तारणाचा आणि व्यवहार रोजच्या पथ्याचा. यात मला विसंगती दिसत नाही. भुकेने वाळलेल्या मुलीला ‘तू वाचली आहेस’ हे आधी सांगावेच लागते, आणि मग तिला अक्षरे गिरवायला बसवावे लागते.

ऑर्थोडॉक्स बाजूचा आपला माणूस गोव्याचा आहे. आंतोनियो फ्रान्सिस्को शाव्हिएर आल्वारिस हे वेर्णे इथले कॅथलिक पाद्री. त्यांचे गोव्याच्या चर्चशी आणि पोर्तुगीज सत्तेशी बिनसले. १८८९ साली मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चने केरळात त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली, नाव मार जूलियस. पोर्तुगीजांनी त्यांना पकडले, त्यांचा धर्माधिकाऱ्याचा वेष उतरवला. त्यांनी वर्तमानपत्रे काढली, पटकीवरच्या उपचारांची पुस्तिका लिहिली, आणि दुष्काळावर उपाय म्हणून टॅपिओकाच्या कंदाची लागवड करा म्हणून लोकांच्या मागे लागले. उतारवयात पणजीत निराधार आणि महारोग्यांसाठी त्यांनी आसरा चालवला, प्रसंगी भीक मागून. २३ सप्टेंबर १९२३ रोजी ते रायबंदरच्या इस्पितळात वारले. ख्रिसोस्तोमचा दवाखाना या माणसाने शब्दशः चालवला. टॅपिओका लावा हा सल्ला तारणाच्या प्रकरणात घालावा की शेतकीच्या, ते तुम्ही ठरवा. मी तो तारणातच घालतो.

राहिला शेवटचा प्रश्न, आणि घरात हाच सगळ्यात नाजूक असतो. माणूस गेल्यावर त्याच्यासाठी काही करता येते का? ऑर्थोडॉक्स म्हणतात, येते. तिसऱ्या, नवव्या, चाळिसाव्या दिवशी प्रार्थना होते. पुष्कळ देशांत उकडलेले गहू साखर, मनुका, डाळिंबाचे दाणे घालून आणतात आणि वाटतात. आपल्या गव्हाच्या घुगऱ्याच म्हणा ना. उपचार मरणाने संपत नाही, असा त्यामागचा भाव. प्रोटेस्टंट म्हणतात, नाही. निकाल लागलेला आहे, मृताला आता आपल्या प्रार्थनेची गरज नाही. या इंदुरात १८७७ पासून कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने काम केले, ख्रिश्चन कॉलेज उभे केले. त्यांच्या परंपरेतल्या घरी तुम्हाला तेरावे-चौदावे सापडणार नाही. केरळातून आलेल्या ऑर्थोडॉक्स शेजाऱ्याकडे चाळिसाव्या दिवशीचे बोलावणे येईल. दोन्ही घरी जा. एका घरी ‘आता काही करायचे राहिले का’ असे विचारू नका, आणि दुसऱ्या घरी ‘हे सगळे कशाला’ असे म्हणू नका.

ल्यूथरची मुलगी माग्दालेना २० सप्टेंबर १५४२ रोजी त्याच्या हातांत गेली. तेरा वर्षांची होती. ती तारली गेली आहे, तिचे बरे झाले, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. लगेचच्या पत्रात त्याने मित्राला कळवले की देवाचे आभार मानायला हवेत हे आम्हा नवराबायकोला ठाऊक आहे, पण हुंदके आवरून ते मानता येत नाहीत. रमाबाईंची मनोरमा चाळिशीला पोचली आणि जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत आणण्याचे रमाबाईंचे काम तेव्हा शेवटच्या टप्प्यात होते. त्या ते करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या, आणि संपूर्ण बायबल केडगावच्या त्यांच्या छापखान्यातून त्यांच्यामागे बाहेर पडले.